नुसतं बसणं

१० सप्टें. २००६, रवि., ब्रिस्टल

नव्या घरात आठवडा झाला. बाकीच्या दोन खोल्यांत लूका आणि कियारा. दोघे इटालियन, एकाच गावचे, लहानपणापासूनचे मित्र. तो विमानाच्या कारखान्यात इंजिनियर, ती युनिव्हर्सिटीत. वय सत्तावीस, पण रिकामटेकडेपणात दोघांची पीएच.डी. कधीच झालेली. काल सकाळभर एकेक कॉफी घेऊन बसले होते. संध्याकाळी सहाला इस्त्रीचे कपडे घालून बाहेर. "कुठे?" विचारलं. "कुठे नाही." तासाभराने हात हलवत परत. साधी दुधाची बाटलीसुद्धा आणली नाही.

तेवढ्या वेळात माझं धुणं, आठवड्याची भाजी, परीक्षेचे दोन चॅप्टर.

तीनला वृषालीला फोन. गॅसचा नंबर लावला का, बाबांच्या गोळ्या, बँकेचं पत्र. हो. नाही. बघते. "तिकीट काढू का?" "बघू रे." चार मिनिटं. जूनमध्ये "थोडे दिवस" म्हणून माहेरी, पुण्याला गेली. परत येणार की नाही, हा प्रश्न आम्ही दोघंही विचारत नाही. मला भीती वाटते म्हणून. तिचं माहीत नाही.

१७ सप्टें., रवि.

लूकाने जेवायला बोलावलं. एक वाजता. पास्ता उत्तम. आग्रह तर आपल्या पंगतीला लाजवेल असा, म्हणून तीनदा घेतला. पुरे म्हणून पोट धरलं, तर आतून चिकन आलं! त्यातलं जमेल तेवढं खाल्लं. ताट घासून ठेवलं, थँक्यू म्हटलं, पावणेदोनला वर येऊन पुस्तक उघडलं. पाहुण्याने किती रेंगाळायचं याला मर्यादा असते.

खालून पाचपर्यंत हसण्याचे आवाज. चॅप्टर सहा झाला नाही.

वृ.ला फोन, तीन मिनिटं.

१८ सप्टें., सोम.

किचनमध्ये कियाराने गाठलं. चेहरा पडलेला. "आमचं काही चुकलं का? मधेच उठून गेलास."

म्हटलं, मधेच कुठे, जेवण झालं होतं.

"जेवण झालं होतं," ती म्हणाली, "पण आपण बसलो कुठे होतो अजून?"

हे वाक्य मी आधी ऐकलंय. एअरपोर्टवर, बॅगा देऊन झाल्यावर. वृ. म्हणाली होती, "तू घरात असतोस रे, पण माझ्याबरोबर बसत नाहीस कधी." मी म्हटलं होतं, मग तुझ्यासाठीच तर एवढं करतोय ना. आणि घड्याळ पाहिलं होतं. पार्किंगची वेळ संपत होती.

२३ सप्टें., शनि.

सहाला त्यांच्याबरोबर गेलो. शर्टाला इस्त्री करून. बंदराच्या कडेने जायचं, पुलापाशी वळायचं, परत तेच. वारा बोचरा, तरी आइस्क्रीम.

लूका म्हणाला, त्याच्या गावी सहाला सगळे रस्त्यावर उतरतात. एखादा दिसला नाही तर घरी येऊन विचारतात, आजारी आहेस का? "तिथे नोकरी नाही म्हणून इकडे आलो. संध्याकाळ मात्र बरोबर आणली."

जरा वेळाने मागे बघतो तर दोघं बरीच लांब. लूका ओरडला, "बस चुकतेय का तुझी?"

हसलो. मग हसू आलं नाही. वृ. होती तेव्हाही मी असाच पुढे, ती मागून पिशवी सावरत. सहा महिने मला वाटत राहिलं की तिची चाल हळू आहे. गाढव आहे मी.

२४ सप्टें., रवि.

जेवण एक ते साडेचार. ताट घासलं नाही. दोन वाजता हातांचं काय करावं कळेना, म्हणून संत्री सोलत बसलो. सगळ्यांची. फोनला उशीर झाला. वृ.ने विचारलं, "बरा आहेस ना?"

१ ऑक्टो., रवि.

आज फोनवर काय काय विचारायचं याची यादी केली नाही. दारातल्या पायरीवर बसून फोन लावला.

"काय करतोयस?"

"काही नाही. बसलोय."

तिला आइस्क्रीमचं सांगितलं, संत्र्यांचं, पुलापाशी वळण्याचं. पुढे चालायचो तेही सांगितलं. चुकलंच माझं, असं म्हणालो. ती म्हणाली, "थांब, चहा उतू जातोय. फोन ठेवू नकोस हं." ठेवला नाही. तिकडची भांडी ऐकत बसलो. बरं वाटलं. परत येऊन म्हणाली, "ऐक ना, मी जर डिसेंबरमध्ये..."

आणि फोनच्या कार्डातले पैसे संपले. चार मिनिटांच्या सवयीचं कार्ड, दुसरं काय होणार!

कोपऱ्यावरच्या दुकानाकडे पळत सुटलो. लूका-कियारा समोरून रमतगमत येत होते. "बस चुकतेय का?" हो म्हटलं, आज खरंच चुकतेय.

नवं कार्ड. तिचा नंबर एंगेज. पुन्हा एंगेज. पाच वेळा. मग डोक्यात प्रकाश पडला की तीही मलाच लावत असणार, आणि आम्ही एकमेकांची वाट अडवून बसलोय.

लावणं थांबवलंय. फोन गुडघ्यावर ठेवून पायरीवर बसलोय. कियाराने न विचारता कॉफी आणून दिली आणि शेजारी बसली.