गंजीवरनं पडलेल्या गिर्यारोहकास

अहो,

उठल्या उठल्या हाका मारू नका, मी घरात न्हाय. सकाळच्या गाडीनं वन्सं आणि भावजींबरोबर निघालेय. महाबळेश्वरपास्नं वासोट्यापातूर चार दिवस रानातनं चालायचं. "दादाची जागा रिकामी जाण्यापरीस वहिनी, तू चल की," असं वन्संच म्हणाल्या.

सोलापुरात डोंगर न्हाय म्हणून तुमी पाठीवर वळकटी बांधून आठ दिवस परसातल्या कडब्याच्या गंजीवर चढलात. म्हैस खालनं डोंगर खातीय, हे मी दोनदा सांगितलं. "बायकांना डोंगरातलं काय कळतंय," म्हणालात. काल डोंगर बसला आणि तुमी थेट गव्हाणीत. पाय मुरगळला त्याचं वाईट वाटतंय, पण हसू लई आलं. तेवढी माफी करा.

तुमचे बूट पुढं चिंध्या कोंबल्यावर मला झकास बसले.

आंबेहळदीचा लेप वाटून ठेवलाय, दोनदा लावा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडताळात हाय. निम्मी मी नेली.

तुमी डोंगरात चाललाय हे सगळ्या आळीला सांगून बसलाय, तवा मी परत येईस्तोवर दाराबाहेर पडू नका. खिडकीत विडी ओढू नका. मी माहेरी अक्कलकोटला गेलेय, असं सासूबाई सांगतील. ही युगत त्यांचीच.

आल्यावर रान कसं हाय ते तुमाला सगळं सांगीन. मग आळीत तुमी सांगा. पाय वासोट्यावर मुरगळला म्हणा. मी शेजारी बसून मान डोलवीन.

वच्छला