आईचं दुखणं

४ फेब्रुवारी
पोचले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर, खिडकी एकच पण ऐसपैस. सामान ते किती, एक ट्रंक आणि गादी. जिना चढता चढताच घरमालकीण काकूंनी माझी सगळी चौकशी उरकली. आई सहा महिन्यांपूर्वी गेली, दादा परदेशी, लग्न नाही. दोन जिन्यांत आयुष्य संपलं! काकू हळहळल्या. अंथरुणाला खिळलेल्या आईचं दोन वर्षं इतकं करणारी मुलगी आता कुठे बघायला मिळते, म्हणाल्या. दादाही प्रत्येक पत्रात हेच लिहितो.
उद्यापासून ग्रंथालयात, पुस्तकबांधणीच्या खात्यात रुजू.

७ फेब्रुवारी
काम मनासारखं आहे. फाटकी पुस्तकं उसवायची, पानं नीट जुळवून पुन्हा शिवायची, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. खात्यात आम्ही दोघंच. दुसरे एक म्हातारे बांधणीकार, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत चौथीच्या पुढे गेलो नाही, हे त्यांनीच हसत सांगितलं. माझी शिलाई पाहून म्हणाले, हात चांगला आहे तुमचा.
संध्याकाळी बोलायला कुणी नसतं. म्हणून ही वही.

१५ फेब्रुवारी
सुई उजव्या करंगळीत रुतली आणि मला कळलंच नाही. पानावर रक्त पाहून मास्तरच ओरडले. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. अशक्तपणा म्हणे, टॉनिक दिलं.
आईचंही करंगळीपासूनच सुरू झालं होतं. पण तिचं वय काय, माझं काय! उगाच काहीतरी मनात येतं.

२४ फेब्रुवारी
आता अख्खा पंजा बधिर. सुई धरवत नाही, मास्तर माझ्या वाटणीचं शिवतात आणि बोलून दाखवत नाहीत. सगळ्या तपासण्या झाल्या. कशातच काही नाही. मनाला काही लागलंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी हसले. हसताना ओठाचा उजवा कोपरा जागचा हलला नाही. समोर आरसा होता. त्यात आई होती.
आधी करंगळी, मग पंजा, मग ओठ. पुढे काय येतं ते मला पाठ आहे.

१ मार्च
डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वेडंवाकडं.
मास्तरांकडे पाणी मागितलं. तोंडातून आलं, ‘चमचा.’ त्यांनी डब्यातला चमचा पुसून दिला. मी पुन्हा मागितलं. पुन्हा ‘चमचा’च.
शेवटी शेवटी आई पाण्याला चमचा म्हणायची. हे दादाला माहीत नाही. तिच्या डॉक्टरांनाही नव्हतं. फक्त मला माहीत होतं.

४ मार्च
काम सुटलं. दिवसभर खिडकी.
ती दुपार. आई हाक मारत होती — चमचा, चमचा. मी शेजारच्या खोलीत. मला झोप लागली होती, असं मी सगळ्यांना सांगितलंय. लागली नव्हती. पडून राहिले. दोन वर्षं प्रत्येक हाकेला उठले, त्या दिवशी नाही. मग हाक थांबली. दादाला कळवलं — आई झोपेतच गेली, शांतपणे.

६ मार्च
काकूंना खुणेनं बसवलं. दादाला पत्र, माझं डावं अक्षर त्याला लागणार नाही. मी सगळं सांगितलं — सगळं. काकू डोळे पुसत लिहीत होत्या. मग वाचून दाखवलं, “तुमची बहीण आईची सारखी आठवण काढते. चमचासुद्धा आईचाच हवा म्हणते. अशी माया बघितली नाही हो.”
मी कागद ओढला. त्यांना वाटलं, मला तो उराशी धरायचाय. धरू दिला. मग माझे केस सारखे केले, आणि पत्र टाकायला गेल्या —

७ मार्च
डाव्या करंगळीत मुंग्या. घाई करायला हवी.
दादा, ती झोपेत गेली नाही. आणि चार तारखेला मी या वहीतही खोटं — मी उठले होते. पाण्याचा पेला घेऊन दारापर्यंत. तिनं मला पाहिलं. हसली. अर्ध्या तोंडानं. हात पुढे केला — तिला वाटलं मी आले — आणि मी, दादा, तिच्याकडे बघत बघत ते दार ओढून