सुमे, बाई तुझ्या कॉन्सर्टला आली होती

सुमे, माझ्या लाडके,

माझा घसा पार बसलाय. दुपारी पुण्याहून मंचरला परतले तेव्हापासून दुकानात गिऱ्हाइकांशी खुणांनीच बोलतेय. ह्यांनी विचारलं, "एवढं ओरडायला झालं तरी काय?" त्यांना काय सांगू? जिला सांगायचं ती तू. म्हणून आज दुकान त्यांच्यावर सोपवून तुला लिहायला बसले.

काल नाताळच्या सुट्टीला आपला रॉक कॉन्सर्ट झाला. मी गेले होते गं! आणि एकटी नाही. तुझ्या आईला, आपल्या बाईला घेऊन गेले होते!

हसतेयस ना? मला ठाऊक आहे, तोंडावर हात ठेवून हसत असशील.

तुला आठवतं का जुन्नरला माझ्या माहेरच्या कापडाच्या दुकानावरची माडी? तू शिनोलीहून कॉलेजला आलेली, हॉस्टेलवर राहायचीस, आणि रविवार उजाडला की आमच्या माडीवर. मामानं मुंबईहून आणलेली ती एकच इंग्रजी कॅसेट. गिटार सुरू झाली की खालून माझी आई ओरडायची, "चंदा, टेप बिघडलाय का गं?" आणि आपण गादीवर पालथ्या पडून हसायचो. शब्द एक कळत नव्हता. तू डिक्शनरी घेऊन बसायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "जाऊ दे. ह्याला लई राग आलाय, एवढं कळलं तरी बास."

त्याच कॅसेटपायी तू इंग्रजीची मास्तरीण झालीस, असं मी सगळ्यांना सांगते.

आणि लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर एकच वॉकमन दोघींच्या कानात लावून बसलो होतो, तेव्हा माकडानं वायर ओढली आणि तू त्याच्याशी भांडायला उठलीस! लोक देवदर्शन सोडून तुझ्याकडे बघत होते.

तेव्हापासून ठरलं होतं की एकदा खरा कॉन्सर्ट बघायचा. मग माझं लग्न, मुलं, दुकानाची दिवाळी. तुझी घोडेगावची शाळा. तू लग्न केलं नाहीस, भावाच्या घरात बाईजवळ राहिलीस. दर वर्षी कुणाला तरी अडचण. या वर्षी मात्र आजारपणात पडल्या पडल्या तू मोबाईलवर दोन तिकिटं काढलीस आणि मला पाठवलीस. वर लिहिलंस, "डिसेंबरला मी ठणठणीत. नवी साडी नेसू नकोस, नाचायचंय."

पावसाळा संपता संपता गेलीस. असं वागतात का गं, सुमे?

मी ती तिकिटं कुणाला तरी देऊन टाकणार होते. तर गेल्या आठवड्यात बाई एसटीनं मंचरला आली, थेट दुकानात. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी. गादीवर टेकली आणि म्हणाली, "सुमीनं नाचगान्याची तिकटं काढल्याली ना? मंग आपून जायाचं."

"बाई, फार मोठा आवाज असतो तिथं. तुम्हाला सोसायचा नाही."

"किती मोटा?"

"शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही एवढा."

तिनं पिशवी परत खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "मंग तर मी येनारच."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

तू गेलीस तेव्हापासून बाई रडली नव्हती, सुमे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या फोटोसमोर बुद्धवंदना झाली, सगळे डोळे पुसत होते, आणि ही पंगतीत भात वाढत होती. बाया कुजबुजल्या, "म्हातारी लई घट्ट हाय." मलाही आत कुठेतरी टोचलं होतं. तुझं नावसुद्धा ती घेत नव्हती.

काल संध्याकाळी मैदानावर पोचलो. फाटकावर रखवालदारानं तिची पिशवी उघडली, तर आत बाजरीच्या भाकरी आणि ठेचा! "आजी, आत खायचं नेता येत नाही." बाई म्हणाली, "मंग तू खा की. सकाळधरनं उबा असशील." तो बिचारा गडबडला. आम्ही आत जाताना मागं वळून पाहिलं, तर खरंच भाकरी मोडत होता.

काय थाट होता, सुमे! अख्ख्या मैदानावर दिव्यांच्या माळा, स्टेजवर घराएवढी चांदणी, पडद्यावर गाणाऱ्याचं तोंड डोंगराएवढं. पहिला ठोका पडला आणि माझ्या छातीतच वाजला. स्टेजच्या कडेनं आगीचे लोळ उठले तशी बाईनं माझा हात धरला. "आगं, जाळ लागला का?" मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "मुद्दाम लावतात!" तिनं कपाळावर हात मारला.

मग वरून कागदी बर्फ पडायला लागला. तिच्या लुगड्यावर, केसांवर. आजूबाजूची पोरं उड्या मारत किंचाळत होती. बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग मला खाली ओढून तिनं विचारलं, "चंदा, हितं कुनाचं कुनाला ऐकू येतं का?"

"नाही, बाई."

ती खुर्चीवरून उठली. दोन्ही हात तोंडाशी धरले. बांधावरून हाक मारतात तशी तिनं हाक मारली, "सुमेऽऽ! ये सुमेऽऽ!"

"सुमेऽऽ! कुटं हायेस गं बयेऽऽ!" परत परत. मानेच्या शिरा ताणलेल्या. शेजारी निळ्या केसांची एक मुलगी होती. तिनं माझा खांदा हलवला. "काकू, आजी कुणाला हाक मारतायत?"

"मुलीला."

"हरवलीय?"

मी "हो" म्हटलं.

त्या पोरीनं आपल्या मित्रांना ओढलं, कानात सांगितलं. आणि सुमे, ती सगळी पोरं गाणं सोडून बाईच्या भोवती उभी राहिली आणि तुला हाका मारायला लागली! "सुमेऽऽ! सुमेऽऽ!" माझ्याही तोंडून तीच हाक फुटली. एवढ्या मोठ्यानं मी जन्मात कधी ओरडले नव्हते.

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं. एकेकाच्या तोंडाकडे. आणि मग ती खाली बसली आणि रडली. सगळं साठलेलं रडली. निळ्या केसांची पोर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "सापडेल, आजी, सापडेल."

रात्री चिंचवडला माझ्या नणंदेकडे मुक्काम केला. झोपताना बाई म्हणाली, "घरात रडले आस्ते तर तुज्या भावाचं काय झालं आस्तं? त्यो आदीच खचलाय. मोकळं रडाया जागाच न्हवती बग." माझा भाऊ म्हणजे तुमचा बाळू. ती मलाही मुलीतच धरते ना!

आज एसटीत मंचर येईपर्यंत ती तुझ्याबद्दलच बोलत होती. तू लहानपणी हिरड्याच्या झाडावर चढून बसायचीस, उतरायचं म्हटलं की भोकाड पसरायचीस. हे मला कधी बोलली नाहीस! पुढच्या सीटवरचे लोक वळून बघत होते. तिला फिकीर नव्हती.

शिनोलीच्या गाडीत बसवलं तेव्हा तिनं खिडकीतून विचारलं, "चंदा, त्ये परत कवा हाय?"

"पुढच्या नाताळला, बाई."

"लई लांब हाय गं," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

सुमे, तिला तेवढं थांबावं लागणार नाही. मंगळवारी आमचं दुकान बंद असतं. दर मंगळवारी मी शिनोलीला येईन. बाईला घेऊन तुमच्या शेतावर जाईन, घरापासून पार लांब. तिथं तिला पाहिजे तेवढ्या मोठ्यानं तुझं नाव घेऊ दे. ती थकली की मी घेईन.

तुझीच,
चंदा