शेजारच्या धुराड्यावरचा शनी

मी, खाली सही करणारी, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त, अविवाहित, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि आपखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबावाखाली मी आजवर काहीच केलेले नाही, याची खात्री माझ्या बहिणीकडून करून घ्यावी. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते. म्हणून ही तजवीज.

१. बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीस मिळावी. तिने ती स्वतःवर उडवावी. नवऱ्याच्या धंद्यात घातल्यास मी तिच्या स्वप्नात येईन.

२. सदर नवऱ्यास, म्हणजे माझ्या मेहुण्यांना, एक डझन कोरे रुमाल. त्यांनी एकदा माझ्या दुर्बिणीचा आरसा, धूळ बसली होती म्हणून, खिशातल्या रुमालाने खसाखसा पुसला. तेव्हा चार पाहुणे बसले होते, मी गप्प राहिले. आता बोलले.

३. कामाची अवजारे, म्हणजे साचे, घासायचे यंत्र आणि मेण कापायच्या सुऱ्या, दंतवैद्यांच्या दवाखान्यात माझ्या जागी आलेल्या बाईंना. त्यांचा हात चांगला आहे, घाई वाईट. माप घेताना माणसाला आधी हसवावे. गंभीर तोंडावर बसवलेली कवळी पहिल्या विनोदाला सुटते.

४. दुर्बीण, तिची तिवई आणि कॅमेरा माझ्या भाचीला. कॅमेरा बसवायची पकड बाजारात मनासारखी मिळेना, तेव्हा मी ती कवळीच्या गुलाबी मसाल्यातून ओतली. दुर्बिणीला हिरड्या फुटल्यात असे बघणाऱ्याला वाटते. खुशाल हसावे, पण पकड बदलू नये. ती आजवर तसूभर हललेली नाही.

५. माझे फसलेले सगळे फोटो आकाशप्रेमी मंडळाच्या सचिवांना. माझ्या सर्वांत चांगल्या शनीला ते भर सभेत "हा संगणकावर रंगवलेला दिसतो" असे म्हणाले होते. ग्रहाचा फोटो एका टिचकीत निघत नाही. हवा हलत असते, त्यामुळे ग्रह हौदाच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो. मग व्हिडिओ घ्यायचा, त्यातली स्थिर चित्रे वेचायची आणि एकावर एक रचायची. सचिवांनी फसलेले फोटो नीट बघावेत. खोटे काढणारा माणूस इतके वाईट काढत नाही.

६. घर, मागच्या अंगणासह, भाचीलाच. मात्र एका अटीवर, आणि ती कळण्यासाठी शेजारच्या मास्तरांविषयी लिहावे लागेल. मास्तर तलावावर पोहायला शिकवत असत. आता निवृत्त आहेत, एकटे राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराचे धुराडे नेमके माझ्या दक्षिणेच्या आकाशाखाली येते. दिवेलागणीला ते गॅस पेटवतात, गरम हवा वर चढते आणि माझा शनी उकळायला लागतो. यावरून आम्ही कित्येक वर्षे कडाकडा भांडलो. मी म्हणायची धुराडे हलवा, ते म्हणायचे शनी हलवा.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी शनी इतका स्वच्छ दिसला की ग्रह आणि कडे यांच्यामधली फट आरपार दिसावी. मी हरखून कॅमेरा सुरू केला. मग ध्यानात आले की जेवणाची वेळ झाली तरी धुराडे गार आहे, आणि हा माणूस तर अंगात ताप असतानाही स्वतः रांधून खाणारा. मी कॅमेरा तसाच सोडून कुंपण ओलांडले आणि त्यांच्या मागच्या दाराची काच फोडली. मांडीचे हाड मोडून ते सकाळपासून न्हाणीघरात पडले होते. मला बघून म्हणाले, "ओरडू नका. मी ठीक आहे."

अंगणात कॅमेरा चालूच होता. तोच हा माझा सर्वांत चांगला शनी, आणि खरे सांगायचे तर मला तो भिंतीवर बघवत नाही. धुराड्याविरुद्ध नगरपालिकेत दिलेला अर्ज मी दुसऱ्याच दिवशी मागे घेतला.

अट अशी. मास्तर हयात असेतो भाचीने घर विकू नये, आणि रोज संध्याकाळी दुर्बीण त्यांच्या छपरावर रोखून बघावे. ग्रह किंवा चंद्र नसेल तिथे एखादा तारा चालेल. तो थरथरत असेल तर खुशाल जेवायला बसावे. स्थिर असेल तर तडक जावे, दुर्बीण झाकत बसू नये. आभाळ भरून आले असेल तर मीठ मागायच्या निमित्ताने कडी वाजवावी.

ही अट आधी तिच्या कानावर घातली तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, रोज एक फोन केला तर नाही का चालणार?"

नाही चालणार. फोनवर मास्तर "ठीक आहे" म्हणतात. न्हाणीघरातही तेच म्हणाले होते. माझा त्यांच्यावर जीव आहे. इतकी वर्षे शेजारी राहून हे तोंडाने सांगणे जमले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. साक्षीदारांनी एकदा ऐकलेले मलाही मागे घेता येणार नाही.

७. मास्तरांना वस्तू म्हणून काहीच नाही. त्यांचे धुराडे आहे तिथेच राहू द्यावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. मास्तर कुंपणापलीकडून ऐकत होते. त्यांना हाकलले, ते गेले नाहीत.

स्थळ: मागचे अंगण
दिनांक: दहा नोव्हेंबर, संध्याकाळ

सही: कवळीवाल्या बाई

साक्षीदार:
१. दंतवैद्य, ज्यांच्या दवाखान्यात मी काम केले
२. कोपऱ्यावरच्या वकीलबाई

मी साक्षीदार नाही, तरी हट्टाने लिहितो आहे. कलम सहा ऐकले. रोज संध्याकाळी गॅस पेटवीन. भूक नसली तरी निदान पाणी उकळत ठेवीन. बाई इस्पितळातून परत येईपर्यंत भाचीसह दोघांपुरते रांधायचीही माझी तयारी आहे, म्हणजे भाचीला तारा चांगला थरथरताना दिसेल. बाईंनी परत यावे.
— शेजारचे मास्तर