ग्रेड दोन, तेल शून्य

३ डिसेंबर, सायं. ७.१०
कंपनीची वार्षिक तपासणी. फॅटी लिव्हर, ग्रेड एक. ट्रायग्लिसराइड २६४. वय एकोणतीस. मी दारू पीत नाही, हे डॉक्टरांना दोनदा सांगितलं. त्यांनी एकदाच लिहून घेतलं. मग विचारलं, घरात हार्टचं कुणाला? बाबांना, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झटका, दोन स्टेंट. ते म्हणाले, मग लिव्हरपेक्षा हृदयाची काळजी करा. पाच किलो उतरवा, तीन महिन्यांनी या.
घरी सांगणार नाही. रीडिंग चुकीचं आलं तर आधी यंत्र तपासायचं. प्लँटमध्ये माझं कामच ते.

४ डिसेंबर
सोनोग्राफी मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. होतं. चालू वर्षाचं.

५ डिसेंबर
एक्सेल शीट केली. रकाने चार: भात, साखर, तळलेलं, चाल. रोज रेवदंडा बंदरापर्यंत चालणार, ४.२ किमी.

६ डिसेंबर, सकाळी ६.३०
०.९ किमी. मागून आमच्या गावातल्या सदाची रिक्षा आली. तो म्हणाला, ताय, पायी का, माझी रिक्षा काय मेली हाय का? नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं.

१४ डिसेंबर
भात बंद, दहावा दिवस. आत्या, ठमाबाई, म्हणाली, भात न्हाय तर खाशील काय गो, माडाच्या झावल्या? तांदळाची भाकरी घेतली. तीन. भाकरी म्हणजे भात नव्हे. रकाना: ०.

२२ डिसेंबर
चुलतभाऊ अल्पेशच्या शेतावर पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, बटाटे. नको म्हटलं. आत्या म्हणाली, अगो, यात त्याल हाय कुठं? मुद्दा बिनतोड. तेलाचा थेंबही नाही, मडकं थेट आगीत. तळलेलं: ०. बटाटे सात.

११ जानेवारी
सहावी पोपटी. हंगाम फेब्रुवारीत संपतो, त्यामुळे सरासरी आपोआप खाली येईल. अल्पेश म्हणाला, डाएटवाली सगल्यांच्या आधी मडक्याजवल! मी उत्तर दिलं नाही. तोंडात अंडं होतं.

१२ जानेवारी
वजन १.४ किलोने जास्त. काट्याखालची फरशी समतल नाही. काटा हलवला. १.६. परत जागेवर ठेवला.

९ फेब्रुवारी
बाबा रोज पहाटे चालून येतात. म्हणाले, येतेस का? मीटिंग आहे म्हटलं. रविवार होता.

४ मार्च, दुपारी १२.४०
ग्रेड दोन. ट्रायग्लिसराइड ३११. डॉक्टरांसमोर शीट ठेवली. साखर, भात, तळलेलं, एकोणनव्वद दिवस शून्य. त्यांनी शांतपणे वाचली. विचारलं, भाकऱ्या किती? त्याचा रकाना नव्हता. ते म्हणाले, लिव्हरवरची चरबी फक्त तेलाची नसते, तांदळाची पण होते. भाकरीही तांदूळच. मला बी.ई.ला डिस्टिंक्शन होतं.

४ मार्च, सायं. ६.१५
घरी सांगितलं. बाबांनी कपाटातून त्यांची जुनी फाईल काढली, एक कागद पुढे केला. फॅटी लिव्हर, ग्रेड एक. म्हणाले, मी पन कुनाला सांगितला नव्हता.
तारीख पाहिली. झटक्याच्या अकरा वर्षं आधीची. ट्रायग्लिसराइड २४०.
माझ्यापेक्षा एकाहत्तरने कमी.
आईने चहा आणून ठेवला, बिनसाखरेचा. प्यायले.