बाल्कनीतला फोटो आणि माझा सूड

३ मार्च. सकाळी ७.१०
सूड! दुसरा शब्द नाही. आजच्या पेपरात पान पाचवर माझा फोटो. बाल्कनीत उभा, डोक्याला कलप, अंगात काखेत फाटलेला बनियन. बारा वर्षांपूर्वी एका मालिकेत इन्स्पेक्टर केला, म्हणून माझं खासगी आयुष्य जनतेचं झालं काय? समोरच्या फुटपाथवर तो टोपीवाला फोटोग्राफर रोज लेन्स रोखून बसतो, त्याचेच हे उद्योग. ही म्हणाली, फोटो वरच्या मजल्यावरच्या हिरॉइनचा आहे, तुम्ही खाली कोपऱ्यात आलाय. फोकस हा तांत्रिक मुद्दा आहे. हिला कळायचं नाही.

४ मार्च
मेहुणा वकील आहे. त्याला फोन. नवा कायदा आलाय म्हणे. प्रसिद्ध व्यक्तीचा घरातला फोटो परवानगीशिवाय काढला, छापला किंवा पसरवला तर दंड, शिवाय कॅमेरा जप्त. 'पसरवला'वर त्याने दोनदा जोर दिला. का कोण जाणे. जप्त कॅमेरा डोळ्यांसमोर आणत दुपारी छान झोपलो.

७ मार्च
अडचण. तक्रारदार प्रसिद्ध असल्याचा पुरावा लागतो. वर्षभरात छापून आलेले तीन फोटो. माझ्याकडे एकच. तोच. हरकत नाही. उरलेले दोन टोपीवाल्याकडूनच काढून घ्यायचे आणि त्याच फोटोंनी त्याला आडवा करायचा.

८ मार्च. सकाळी ९
गॉगल लावून फाटकातून तीनदा आत-बाहेर. तोंडावर हातही धरला. टोपीवाला म्हणाला, काका, जरा बाजूला व्हा, लाईट अडतोय.
याचाही सूड घेणार.

११ मार्च
जनमत तयार करतोय. फोटोच्या पन्नास रंगीत प्रती, खाली लाल अक्षरांत 'हा अन्याय पाहा!' लिफ्टमध्ये, सलूनमध्ये, दवाखान्यात लावल्या. शाळेच्या ग्रुपवरही टाकला. सलूनवाल्याने विचारलं, कलप कुठला? लोक जागे होतायत. ही म्हणाली, तो बनियन तरी टाकून द्या. अजिबात नाही. पुरावा आहे तो.

१९ मार्च
हिरॉइननेही तक्रार केली म्हणे. शाब्बास! माझ्याकडे बघून बाईला धीर आला असणार.

२६ मार्च
नोटीस आली. पाकीट फोडायच्या आधीच मेहुण्याला फोन करून विजयाची बातमी दिली. मग वाचली. तक्रारदार हिरॉइन. प्रतिवादी क्रमांक एक टोपीवाला, फोटो काढल्याबद्दल. प्रतिवादी क्रमांक दोन मी. पसरवल्याबद्दल.
मेहुण्याला पुन्हा फोन. म्हणाला, 'पसरवला'वर मी दोनदा जोर दिला होता.

२ एप्रिल
सुनावणी. मेहुण्याने शिकवल्याप्रमाणे माफी मागितली. हुकूम झाला, सगळ्या प्रती नष्ट करा. कपाटातली लॅमिनेट केलेलीसुद्धा द्यावी लागली. फार वाईट वाटलं.
पण टोपीवाल्याचा कॅमेरा जप्त! बाहेर बाकावर तो शेजारीच बसला होता, मान खाली घालून. हाच तो क्षण. गॉगल काढला आणि इन्स्पेक्टरच्या आवाजात विचारलं, ओळखलंत का मला?
त्याने नीट निरखून पाहिलं. म्हणाला, हो, लाईट अडवणारे काका.
संध्याकाळी बनियन हिला फरशी पुसायला दिला.