खरा, खोटा आणि संशयास्पद

तीर्थस्वरूप मामा,

वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी सांगते तसा शेक घेत असाल, अशी आशा आहे (घेत नसाल, याची खात्री आहे). मी खुशाल असून वेळेवर जेवतो.

कॉलेज अर्धवट सोडलेल्या मला आमच्या विभागप्रमुख बाईंनी केवळ तुमच्या शब्दाखातर हे काम दिलं, ते उपकार कसे फेडू? अवकाशातल्या दुर्बिणीने क्ष-किरणांत टिपलेली आकाशाची चित्रं आमच्याकडे येतात. जिथे उजळ दिसेल तिथे संगणक गोल काढतो. तिथे खरोखर काही आहे की ती कॅमेऱ्याची खोड आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहून लिहायचं: खरा, खोटा किंवा संशयास्पद. खरे ते सूचीत जातात. प्रत्येक चित्र दोघांनी वेगवेगळं तपासायचं, आणि मत जुळलं नाही तर ते बाईंकडे जायचं. आता मामा, एवढ्या लांबच्या गोष्टीची हमी मी कशी घेणार? मी प्रत्येक गोलापुढे ‘संशयास्पद’ लिहिलं (एकदाही ऱ्हस्व-दीर्घ न चुकता). त्यामुळे माझं आणि शेजारच्या टेबलावरच्या ताईंचं काही म्हणता काही जुळेना, आणि बाईंच्या टेबलावर अख्खं आकाश येऊन पडलं.

बाईंनी बोलावलं. मी डबा आणि छत्री बरोबरच घेऊन गेलो (काढून टाकलं तर पुन्हा आत यायला नको). “तुला उद्या सूर्य दाखवला तर रे?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “ढग नसतील तर...” बाईंनी कपाळाला हात लावला. मग मला शेजारी उभं करून एकेक चित्र दाखवलं आणि मोठ्याने ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायला लावलं. संध्याकाळपर्यंत माझा आवाज जिन्यापर्यंत पोचत होता.

दुसऱ्या दिवशी मी छाती काढून बसलो. एका फार तेजस्वी स्रोताभोवती संगणकाने गोलांची माळच काढली होती. मी झाडून सगळ्यांना ‘खरा’ करून टाकलं. ताई हसत सुटल्या. “अरे, त्या एकट्याच्याच झगमगाटाचे तुकडे आहेत ते! दिव्याभोवतीच्या चिलटांनाही घरनंबर दिलेस की!” मी पुन्हा डब्याकडे हात नेला. पण बाई म्हणाल्या, “ठेव तो खाली. चुकलास ते ताईंनी पकडलं, त्यासाठीच तर दोघं बसतात. आधी तू चुकायलासुद्धा तयार नव्हतास.” मामा, इतक्या मायेने मला आजवर कुणी रागावलं नव्हतं. नंतर त्यांनी चहाही पुढे केला. बाईंचे, ताईंचे, तुमचे, कुणाकुणाचे आभार मानू?

मामीला नमस्कार.

तुमचा ऋणी
भाचा

ता. क. मला कायम करावं का, हे विचारायला बाई सोमवारी तुम्हाला फोन करणार आहेत. तुम्ही वडीलधारे आहात, पण तुम्ही कुणाला सरळ ‘हो’ म्हटल्याचं घरात कुणालाच आठवत नाही. “तसं आत्ताच काय सांगावं” म्हणू नका. “पोरगा तसा वाईट नाही” हेही नको. ‘हो’ म्हणा आणि फोन ठेवा.

आणखी एक. हे पत्र आईला दाखवू नका. मी कायम झालो, असं तिला गेल्याच आठवड्यात कळवून टाकलं आहे. तिने विचारलंच, तर तिलाही ‘हो’च म्हणा.